रस्ता उंच, परसदार सखल: पाण्याला वाट कशी द्यावी?

डांबराचे थर वर्षानुवर्षे एकावर एक चढत जातात, रस्ता उंचावतो आणि शेजारचे परसदार सखल ठरते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या परसदारात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १० हजार लिटर पाणी जमते. रस्त्यावरून उतरणारे पाणी वेगळेच.

म्हणून पहिला उपाय कुंपणाशी करावा. रस्त्याच्या बाजूस चर खणून बाहेरचे पाणी तेथेच अडवावे व वळवावे. आतील जमिनीला जोत्यापासून दूर, दर मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार द्यावा. खडी भरलेल्या चरात छिद्रांची नळी टाकल्यास मुरलेले पाणीही वाहून जाते. मात्र तिचे तोंड उघडण्यास त्याहून सखल जागा हवी. ती नसल्यास सर्वांत खोल कोपऱ्यात टाकी बांधून पंपाने उपसा करावा लागतो. शोषखड्ड्यावर भिस्त ठेवू नये. ऐन पावसाळ्यात भूजल वर आले की तो पाणी घेत नाही.

तुंबलेले पाणी शौचटाकीवरून विहिरीकडे वाहू लागले, तर पिण्याचे पाणीच दूषित होते. त्यामुळे विहिरीचा कठडा उंच ठेवावा आणि ही कामे मे महिन्यातच उरकावीत.