डोळ्यांना दिसतं त्याहून हिरवं

भाचीने नॉर्वेहून फोटो पाठवला, की आमच्या घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, ‘हा खरा आहे का गं?’ खाली बर्फाचे डोंगर, वर काळंभोर आकाश आणि त्यात वाऱ्याने हललेल्या पडद्यासारखा हिरवागार प्रकाश. इंग्रजीत नॉर्दर्न लाइट्स, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला ध्रुवीय प्रकाश. आमचे एक काका तर ठामपणे सांगतात, हे सगळं कॉम्प्युटरवर करतात.

२०२५च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे पंधरा दिवस राहून आले. तेव्हापासून मैत्रिणीही हेच विचारतात. आता याचं उत्तर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही.

ती राहते ट्रोम्सोला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. पहिल्याच संध्याकाळी तिने मला गाडीत घातलं आणि क्वालोया बेटावर एर्सफिओर्डच्या काठी नेलं. दोन्हीकडे उभे कडे, मध्ये काळं पाणी. तासभर थांबलो. मग ती ओरडली, “मावशी, आला बघ!” मला काय दिसलं? चुलीचा धूर पसरावा तसा एक पांढुरका पट्टा. एवढ्यासाठी का मी तीन विमानं बदलून आले, असं अगदी मनात आलं. तिने स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं, आठ सेकंद थांबली आणि मला मागचा पडदा दाखवला. तोच पट्टा, पण हिरवाकंच!

“ही फसवणूक झाली की नाही?” मी विचारलं. तर म्हणाली, अंधुक उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळतच नाहीत. म्हणून प्रकाश मंद असला, की तो आपल्याला राखाडी दिसतो. कॅमेरा मात्र आठ सेकंदांचा उजेड साठवतो आणि रंग दाखवतो. हिरवा तिथे असतोच, आपल्याला तो पुरत नाही इतकंच.

चौथ्या रात्री मात्र आम्ही दोन तास गाडी चालवून आत शिबोतनच्या खोऱ्यात गेलो. समुद्रापासून दूर तिथे ढग कमी असतात आणि थंडी भयंकर, उणे अठरा. त्या रात्री नुसत्या डोळ्यांनी हिरवं दिसलं, खालच्या काठाला गुलाबी झालर, आणि तो प्रकाश चक्क धावत होता, एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर. नंतर फोटो पाहिला, तर त्यात ते धावणं कुठेच नव्हतं. सगळं सारवल्यासारखं सपाट. म्हणजे कॅमेरा रंग वाढवून देतो आणि हालचाल गिळून टाकतो.

हे घडतं कसं? सूर्यावरून विद्युतभारित कण निघतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं, आणि ते वरच्या हवेवर आदळले की हवा उजळते. दुकानांच्या पाट्यांवर निऑनच्या नळ्या उजळतात ना, साधारण तसंच. शंभर-दीडशे किलोमीटरवर प्राणवायू हिरवा दिसतो, दोनशेच्या वर लाल. ही उंची कळली तीसुद्धा फोटोंमुळेच. याचा पहिला फोटो १८९२ साली उत्तर नॉर्वेत मार्टिन ब्रेंडेल या जर्मन माणसाने काढला. पुढे १९१०च्या सुमारास कार्ल स्टोर्मर या नॉर्वेजियन गणितज्ञाने युक्ती केली. काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे लावायचे, टेलिफोनवरून इशारा द्यायचा आणि दोघांनी एकाच क्षणी फोटो काढायचा. मागच्या ताऱ्यांवरून मोजलं, की उंची निघाली. असे हजारो फोटो काढले त्याने.

भाचीचं या कामातलं शिस्तीचं वागणं बघून मी थक्क झाले. घरी हिचं कपाट कधी आवरलेलं नसायचं! कॅमेरा आपोआप फोकस करत नाही म्हणून आधी हाताने एका ताऱ्यावर नेमका लावायचा. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असं ठेवायचं, नाहीतर बोटाच्या धक्क्याने तारे हलतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाच्या दोन कोटाच्या आत पोटाशी. आणि घरी आल्यावर कॅमेरा लगेच पिशवीबाहेर काढायचा नाही, फ्रिजमधल्या बाटलीसारखा घामेजतो. फोटोत खाली एखादा डोंगर, झाड, झोपडी हवीच, नाहीतर नुसती हिरवी साडी वाळत घातल्यासारखी दिसते, हे तिचंच वाक्य.

परत येताना गाडीत थर्मासमधला चहा पिता पिता मी सहज म्हटलं, “तुझी आई म्हणते, पोरीची मजा आहे.” ती गप्प झाली. घरी आल्यावर तिने लॅपटॉपवर दुसरे फोटो उघडले. २०२२ सालच्या पहिल्या हिवाळ्याचे. दुपारी बारा वाजता पेटलेले रस्त्यावरचे दिवे. राखाडी खिडकी. न आवरलेलं अंथरूण. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. डिसेंबरात तिला सकाळी उठवेना, जेवण जाईना, कुणाशी बोलावंसं वाटेना. शेवटी डॉक्टरकडे गेली, औषध घेतलं. त्याच सुमारास कुणाचा तरी जुना कॅमेरा विकत घेतला. “आकाश मोकळं आहे का, एवढं बघायला तरी मी पडदा सारायचे,” ती म्हणाली. बरोबरीच्या दोघी-तिघी भेटल्या, रात्री निघू लागल्या.

आईला मात्र फक्त हिरवे फोटो.

आमच्या केंद्रावर ‘मी मजेत आहे’ म्हणत येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं बघते आहे. तरी घरच्या मुलीचं मला तीन हिवाळे कळलं नाही, कारण फोटो फार सुंदर होते. मी तिला उपदेश केला नाही. इतकंच विचारलं, की ताईला ती खिडकी पाठवशील का? ‘बघू’ म्हणाली. मी परतल्यावर महिन्याभराने तिने पाठवली, ग्रुपवर नाही, फक्त आईला. त्या रात्री दोघी दोन तास बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलेलं नाही. हा लेख मात्र दोघींना विचारूनच लिहिते आहे.

नॉर्वे सगळ्यांना परवडणारं नाही, मलाही परत जमणार नाही. पण १० मे २०२४च्या रात्री मोठं सौरवादळ आलं, तेव्हा लडाखमध्ये हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही आकाशात लाल झाक टिपली. इतक्या दक्षिणेकडून फक्त वरचा लाल भागच क्षितिजावर दिसतो. असं क्वचितच घडतं, त्याची आशा धरून जाऊ नये. पण आकाशगंगा तिथे साध्या डोळ्यांनी दिसते, आणि प्रवाशांना दुर्बिणीतून तारे दाखवायचं शिक्षण गावातल्या लोकांना दिलं आहे, त्यात बायकाही आहेत. भाची सुट्टीवर आली, की आम्ही तिघी जायचं ठरवतोय. उंची चार हजार मीटरच्या वर, त्यामुळे आधी लेहला थांबून हवेची सवय करून घ्यायची. ताईने बीपीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आणि कॅमेऱ्याचा स्टँड कुणी उचलायचा यावर वाद चालू आहे.