विच्छेदनगृहातले हृदय

वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शरीराची घडण सांगणारे शरीररचनाशास्त्र आणि त्या घडणीचे चलनवलन सांगणारे शरीरक्रियाशास्त्र हे दोन विषय वेगवेगळ्या दालनांत, वेगवेगळ्या शिक्षकांकडून शिकवले जातात आणि त्यांच्या परीक्षाही वेगळ्या होतात. परंतु हृदयाचा अभ्यास सुरू झाला की ही विभागणी टिकत नाही. झडपेची रचना पाहताना ती उघडते कशी आणि मिटते कशी हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि हृदयाच्या ठोक्याचे कारण शोधू लागल्यावर त्याच्या भिंतींचे, पडद्यांचे व तंतूंचे ज्ञान आवश्यक ठरते. शिवाय हृदयाविषयी आज जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग मानवी हृदयातून नव्हे, तर मेंढी, बैल, बेडूक आणि चिचुंद्रीएवढ्या लहान प्राण्यांच्या हृदयांतून मिळालेला आहे. म्हणून माणसाचे हृदय समजून घ्यायचे तर माणूस आणि प्राणी या दोघांचीही हृदये हाती घ्यावी लागतात.

विच्छेदनासाठी येणारा मृतदेह आधी टिकाऊ केला जातो. मांडीच्या वरच्या भागातील किंवा मानेतील मोठी धमनी उघडून तीत नळी बसवतात आणि फॉर्मालिन, फिनॉल, ग्लिसरीन, स्पिरिट व पाणी यांचे मिश्रण संथ दाबाने आत सोडतात. फॉर्मालिन पेशींतील प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते, त्यामुळे कुजण्याची क्रिया थांबते. ग्लिसरीन ऊतींना ओलसर ठेवते. हे मिश्रण सर्वत्र पोहोचते ते शरीराच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातूनच, म्हणजे ज्या मार्गाने आयुष्यभर रक्त वाहिले त्याच मार्गाने. फॉर्मालिनचा डोळ्यांना व घशाला झोंबणारा वास विच्छेदनगृहात शिरताच जाणवतो आणि विद्यार्थ्यांच्या अ‍ॅप्रनमध्ये मुरून वसतिगृहापर्यंत जातो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात याच कामाची अगदी वेगळी रीत सांगितली आहे: सर्व अवयव शाबूत असलेला, विषाने किंवा दीर्घ आजाराने न गेलेला देह मुंज गवत, साल किंवा तागाने गुंडाळून वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवावा आणि सात रात्रींनंतर वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा. तेथे शस्त्राऐवजी पाणी आणि घर्षण काम करीत होते. पण डोळ्यांनी पाहिलेले आणि शास्त्रातून शिकलेले एकत्र आले तरच ज्ञान वाढते, हा सुश्रुताचा आग्रह आजच्या विच्छेदन-मेजालाही तंतोतंत लागू पडतो.

छातीच्या विच्छेदनात बरगड्या कापून उरोस्थीसह छातीची पुढची भिंत उचलली जाते, फुप्फुसे त्यांच्या मुळाशी कापून बाजूला काढली जातात आणि मग मधोमध, किंचित डावीकडे झुकलेली, हृदयावरणाची चिवट पिशवी दिसू लागते. तिच्या दोन्ही कडांवरून श्वासपटलाकडे जाणारी मज्जातंतूंची जोडी खाली उतरते. श्वासपटल हलवून श्वास चालता ठेवणारे हेच तंतू असल्याने पिशवी कापताना त्यांना धक्का लागू न देणे ही या मेजावरची पहिली शिस्त असते. पिशवी उघडल्यावर शिक्षक विद्यार्थ्याला तर्जनी हृदयाच्या वरच्या टोकामागे सरकवायला सांगतात. ती महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या मागून, महाशिरेच्या पुढून अलगद पलीकडे निघते, आणि हृदयातून बाहेर जाणाऱ्या व हृदयात येणाऱ्या वाहिन्यांमधली ही फट कोणत्याही आकृतीपेक्षा स्पष्टपणे बोटाला कळते. हृदयशस्त्रक्रियेत दोन्ही मोठ्या धमन्यांभोवती चिमटा लावण्यासाठी शल्यचिकित्सक याच फटीचा उपयोग करतात.

बाहेर काढलेले हृदय साधारणतः २५० ते ३५० ग्रॅम भरते. त्याच्या पृष्ठभागावरच्या खोबणींत पिवळसर चरबी साठलेली असते आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌धमन्या त्या चरबीत दडलेल्या असतात. त्या मोकळ्या करण्याचे काम छातीच्या संपूर्ण विच्छेदनातले सर्वांत संथ काम आहे. येथे धारदार पात्याचा उपयोग नसतो; बोथट चिमट्याची टोके चरबीत खुपसून हळूच उघडायची, चरबी कणाकणाने बाजूला करायची आणि आगकाडीहून फारशी जाड नसलेली वाहिनी न तोडता तिच्यामागे जात राहायचे. पाठ्यपुस्तक सांगते की हृदयाच्या मागच्या खोबणीतून उतरणारी शाखा उजव्या हृद्‌धमनीपासून निघते. पण हे सुमारे ८० टक्के माणसांतच खरे असते, उरलेल्यांत ती डावीकडून किंवा दोन्हींकडून येते. एका मेजावरचे विद्यार्थी आपल्या हृदयात पुस्तकातली शाखा सापडत नाही म्हणून गोंधळतात आणि शेजारच्या मेजावर ती ठळक दिसते. अशा वेळी दोन्ही मेजांवरच्या मुलांनी जागा बदलून एकमेकांची हृदये पाहणे हा खरा पाठ आहे. पुस्तकातील चित्र हे अनेक शरीरांचे सरासरी रूप असते. प्रत्यक्ष शरीर कधीच सरासरी नसते, आणि पुढे शस्त्रक्रिया करायची असते ती नेहमी एकाच विशिष्ट शरीरावर.

कप्पे उघडताना सुरुवात उजव्या अलिंदापासून होते. अलिंद म्हणजे शरीराकडून किंवा फुप्फुसांकडून आलेले रक्त स्वीकारणारा वरचा कप्पा, आणि निलय म्हणजे ते रक्त पुढे ढकलणारा खालचा कप्पा. उजव्या अलिंदात गोठून काळ्या झालेल्या रक्ताच्या गुठळ्या भरलेल्या असतात. त्या पाण्याखाली धुऊन काढल्यावर दोन अलिंदांमधल्या पडद्यावर अंगठ्याच्या ठशाएवढा एक उथळ खळगा दिसतो. गर्भावस्थेत फुप्फुसे काम करीत नसतात, म्हणून वारेकडून आलेले रक्त येथल्या छिद्रातून थेट डाव्या बाजूस जाते. जन्मानंतर पहिल्या श्वासांबरोबर डावीकडचा दाब वाढतो, पडद्याची झापड दाबली जाते आणि पुढे ती चिकटून खळगा उरतो. मात्र साधारण चौघांपैकी एका प्रौढात ती पूर्ण चिकटत नाही, आणि खळग्याच्या काठावरून तिरपी सरकवलेली बारीक सळई पलीकडच्या अलिंदात निघते. त्या माणसाने बहुधा संपूर्ण आयुष्य या छिद्राची जाणीवही न होता घालवलेले असते.

डाव्या निलयाची भिंत कापताना पात्याला लागणारा जोर एकदम वाढतो, कारण ती उजव्या निलयाच्या भिंतीहून सुमारे तिप्पट जाड असते. उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोहोचवायचे असते व तेथील दाब पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटरपर्यंतच जातो. डाव्या निलयाला मात्र १२० मिलिमीटरच्या दाबाने रक्त मस्तकापासून पावलांपर्यंत पाठवायचे असते. शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिलेले हे दोन आकडे येथे भिंतीच्या जाडीच्या रूपाने मोजता येतात. महाधमनीच्या मुळाशी असलेल्या तीन अर्धचंद्राकृती पाकळ्यांच्या झडपेची परीक्षा आणखी सोपी आणि तितकीच समाधान देणारी आहे: निलय कापण्यापूर्वी महाधमनीच्या कापलेल्या तोंडातून पाणी ओतले की पाकळ्या फुगून एकमेकींना भिडतात आणि पाणी वर तसेच तोलून धरले जाते. कोणताही स्नायू ही झडप मिटवीत नाही, मागे परतू पाहणारे रक्तच तिला मिटवते, ही गोष्ट निर्जीव हृदयातही सिद्ध होते. त्या पाकळ्यांच्या लगेच वर हृद्‌धमन्यांची दोन मुखे असतात. डावा निलय आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या भिंतीतील वाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळे त्या भिंतीला रक्त मुख्यतः तो सैल पडल्यावर मिळते; ठोके फार जलद होऊ लागले की सैल पडण्याचा काळ घटतो आणि खुद्द हृदयाची उपासमार होऊ लागते.

याच मेजावर बोकडाचे किंवा मेंढीचे हृदय मांडले की साम्य आणि फरक दोन्ही डोळ्यांत भरतात. कप्पे चार, झडपा चार, वाहिन्यांची मांडणी जवळपास तीच. मात्र खुरवाल्या प्राण्यांच्या उजव्या निलयात पडद्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत सुट्या दोरीसारखा ताणलेला एक स्नायुबंध स्पष्ट दिसतो, तर मानवी हृदयात तोच बंध आखूड, जाड आणि भिंतीला बिलगलेला असल्याने विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटतो. लिओनार्दो दा विंचीने त्याचे चित्र काढले ते बैलांच्या हृदयांचे विच्छेदन करताना. गाईबैलांच्या हृदयात महाधमनीच्या मुळाशी खरीखुरी हाडे असतात. माणसात त्या जागी केवळ चिवट तंतूंची चौकट असते. मुंबईच्या परळ येथे १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला असे फरक अनेक प्रजातींसाठी ध्यानात ठेवावे लागतात: विश्रांतीच्या वेळी घोड्याचे हृदय मिनिटाला २८ ते ४० वेळा स्पंदते, आणि माणसात धोक्याचा वाटेल असा हा आकडा घोड्यात निरोगीपणाचे लक्षण असतो. मानवी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला एका प्रजातीपुरते शिकून चालते. पशुवैद्याचे काम या अर्थाने अधिक कठीण आहे आणि त्याला मिळायला हवा तितका मान आपल्याकडे मिळत नाही.

प्राण्यांवरून माणसाचे अनुमान करण्यात धोकाही आहे, आणि तो शरीरशास्त्राने शतकानुशतके भोगला. दुसऱ्या शतकातील गॅलेनने माकडे, डुकरे व इतर प्राणी यांचे विच्छेदन करून लिहिलेले वर्णन माणसाचे म्हणून मानले गेले, आणि दोन निलयांमधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून रक्त पाझरते हे त्याचे मतही त्याबरोबर टिकून राहिले. तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने हा पडदा जाड व निश्छिद्र असून रक्त फुप्फुसांतून फिरून येते असे लिहिले, सोळाव्या शतकात वेसालियसने त्या छिद्रांविषयी शंका नोंदवली, आणि १६२८ साली विल्यम हार्वीने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. हार्वीचा आधार पुन्हा प्राणीच होते: साप, बेडूक, मासे यांची हृदये संथ स्पंदतात, त्यामुळे आधी अलिंद आणि मग निलय आकुंचन पावतो हा क्रम डोळ्यांनी टिपता येतो. धमन्यांकडून शिरांकडे रक्त नेमके कसे जाते हे मात्र त्याला दिसले नाही. १६६१ साली मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या तेव्हा ते वर्तुळ पुरे झाले.

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत बेडकाचे हृदय अनेक दशके मुख्य साधन होते. काजळी धरलेला कागद फिरत्या नळकांड्यावर गुंडाळायचा, हृदयाच्या टोकाला दोऱ्याने बांधलेली लेखणी त्यावर टेकवायची आणि प्रत्येक ठोक्यागणिक उमटणारी पांढरी रेघ नंतर वार्निशमध्ये बुडवून पक्की करायची, हे काम हाताला कमालीची शांतता शिकवीत असे. शरीराबाहेर काढलेले हे हृदय योग्य क्षारांच्या द्रावणात बराच वेळ स्वतःहून स्पंदत राहते, आणि ठोक्याचा उगम हृदयातच आहे हे त्यातून दिसते. ते योग्य द्रावण सिडनी रिंगरला १८८०च्या दशकात लंडनमध्ये सापडले. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय स्पंदत राहिले आणि ऊर्ध्वपातित पाण्यात थांबले, तेव्हा नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हे त्याचे कारण असल्याचे त्याने ओळखले. आज रुग्णालयांत ज्या बाटलीला ‘आरएल’ म्हणतात तीत रिंगरचे नाव अजून टिकून आहे. आता भारतातील महाविद्यालयांत हे प्रयोग बहुतांशी संगणकावर दाखवले जातात. बेडकांचे प्राण वाचतात हे निःसंशय योग्य झाले. पण पडद्यावरची रेघ कधी चुकत नाही, आणि चुकलेल्या रेघेचे कारण शोधण्याचे शिक्षण त्याबरोबर गेले, हे नुकसान मान्य करायला हवे.

ठोका जेथून निघतो ती जागा मात्र पात्याला सापडत नाही. १८३९ साली पुर्किन्ये या संशोधकाने मेंढीच्या हृदयाच्या आतल्या अस्तराखाली करड्या तंतूंचे जाळे पाहिले, पण त्यांचे काम कळले नाही. १९०६ साली जपानी वैद्य सुनाओ तावारा यांनी ते तंतू विद्युत्-संदेश वाहणाऱ्या व्यवस्थेची टोके असल्याचे दाखवले, आणि १९०७ साली आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी त्या व्यवस्थेचा आरंभबिंदू जाहीर केला, जो फ्लॅकला प्रथम आढळला तो जमिनीत बिळे करणाऱ्या मोल या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात. विच्छेदनगृहात शिक्षक महाशिरेच्या मुखाशी सळई टेकवून ही जागा दाखवतात, आणि विद्यार्थ्यांना तेथे काहीच वेगळे दिसत नाही. दुपारी शरीरक्रियाशास्त्राच्या दालनात तेच विद्यार्थी एकमेकांच्या हातापायांना तारा जोडून इसीजी काढतात आणि सकाळी न दिसलेल्या त्या जागेतून निघालेली लाट कागदावर पाहतात.

या सर्व शिक्षणाला लागणारा मानवी देह कोठून तरी यावा लागतो. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात; तथापि स्वेच्छेने दिलेला देह हाच या कामाचा सर्वांत सन्माननीय आधार आहे, आणि प्लॅस्टिकचे नमुने किंवा त्रिमितीय चित्रे त्याची जागा घेऊ शकत नाहीत, कारण त्यांतले प्रत्येक हृदय सारखेच असते. देहदानाचा अर्ज भरून कपाटात ठेवणे पुरेसे नाही. मृत्यूनंतर देह नातेवाइकांच्या ताब्यात असतो, त्यांचा नकार असेल तर अर्जाचा उपयोग होत नाही, आणि देह काही तासांतच महाविद्यालयात पोहोचवावा लागतो. शवचिकित्सा झालेला देह सामान्यतः स्वीकारला जात नाही; नेत्रदान मात्र आधी करता येते. ज्यांच्या मनात हा विचार आहे त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात चौकशी करावी आणि आपला निर्णय घरातल्या प्रत्येकाला आजच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावा.