तोडलेल्या रानाचे पुढे काय?

नाशिकहून गिरणारे ओलांडून वाघेऱ्याच्या बाजूने हरसूलकडे निघाले की दोन्ही अंगांना डोंगर सुरू होतात. श्रावणात ते इतके हिरवे असतात की जंगल शाबूत आहे असेच पाहणाऱ्याला वाटते. हाच रस्ता होळीनंतर धरला की खरी अवस्था समोर येते: जळलेले गवत, उघडा पडलेला मुरूम आणि उतारभर साग-खैराचे खुंट. वाघेरा आणि खैराई हे किल्ले याच मुलखात आहेत. पलीकडे हरिहर, भास्करगड, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी. त्यामुळे एकाच डोंगरावर दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: तोडले गेलेले रान आणि दर शनिवार-रविवारी भटक्यांनी गजबजणाऱ्या पायवाटा.

या जमिनीचे पुढे काय करायचे, याची उत्तरे अनेक जण देतात. कोणाला तिथे रोपवन हवे आहे, कोणाला शेती. कोणी पर्यटन केंद्राचा आराखडा घेऊन येतो, तर कोणी म्हणतो की नुसते कुंपण घालून सोडून द्या. यातले प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या तुकड्यावर बरोबर ठरेल आणि सगळ्या डोंगरावर लादले तर चुकेल. म्हणून निर्णय तुकड्या-तुकड्याने व्हायला हवा, आणि तो पाड्यावरच्या ग्रामसभेने घ्यायला हवा.

रान कसे उतरले

१८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि आसपासच्या डोंगरांवरच्या लाकडाला मोठे गिऱ्हाईक मिळाले. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी जंगलाची मालकी सरकारकडे गेली. जंगलाचे कूप पाडून आळीपाळीने तोड करायची, ही पद्धत रुळली. स्वातंत्र्यानंतर ठेकेदारांची पिळवणूक थांबावी म्हणून जंगल कामगार सहकारी सोसायट्यांना कूप दिले गेले. त्यातून आदिवासींच्या हाताला काम मिळाले, पण तोड तोडच राहिली. कायदेशीर तोड आटोक्यात आली, तरी चोरटी थांबली नाही. खैरापासून कात निघतो, सागाला कायमचा भाव आहे आणि गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातून खैर-सागाची तस्करी वर्षानुवर्षे पकडली जाते आहे.

चुलीसाठी मोळी आणि नागली-भाताच्या राबासाठी फांद्या यांचाही ताण जंगलावर पडला, हे मान्य केले पाहिजे. पण मोळी वाहणारी बाई आणि रात्री ट्रक भरणारी टोळी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. रान गेल्याची झळ त्या बाईलाच सगळ्यात आधी लागली. हरसूल भागातल्या खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवर आडव्या टाकलेल्या लाकडांवरून हंडे घेऊन जातानाची छायाचित्रे २०२२ च्या सुरुवातीला राज्यभर पाहिली गेली. त्यानंतर तिथे लोखंडी पूल आला आणि त्याच वर्षीच्या पुरात तो वाहूनही गेला. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या या भागात उन्हाळ्यात पाण्यासाठी एवढी पायपीट करावी लागते, याचे एक कारण उघड्या डोंगरांत आहे. पाऊस धरून ठेवणारी मातीच उतारावर उरलेली नाही.

आधी खुंट पाहा

निर्णयाची सुरुवात डोंगर चढून खुंट पाहण्यापासून व्हावी. साग तोडला तरी मरत नाही. पहिल्या पावसात त्याच्या खुंटाला धुमारे फुटतात. ऐनालाही फुटतात, आणि धावडा, पळस यांची रोपे तर मुळांवरूनही उगवतात. जमिनीखाली अनेक वर्षांच्या मुळांची पुंजी असते. ती जोरावर असल्याने असा धुमारा नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतो. तरीही तो झाड होत नाही, याला तीन कारणे आहेत: दरवर्षीचा वणवा, मोकाट चराई आणि पुन्हा पडणारी कुऱ्हाड. ही तिन्ही काही वर्षे अडवली, जाळरेषा काढल्या आणि एका खुंटावर जोमदार असे एक-दोनच धुमारे राखले, तर खड्डा न खोदताही जंगल परत येते. असा जिवंत तुकडा यंत्राने साफ करून तिथे एकाच जातीची रोपे लावणे म्हणजे हातचे जंगल गमावणे. नाशिक परिसरातल्या टेकड्यांवर लावलेल्या गिरीपुष्पाची हिरवळ लांबून छान दिसते. पण तिने ना पाखरांचे पोट भरते, ना माणसांचे.

दुसरा प्रकार आहे तो मातीच वाहून गेलेल्या उतारांचा. तिथे झाडाचा हट्ट लगेच धरू नये. आधी दगडी बांध, सलग समतल चर आणि गवत. नाळीच्या कडेने बांबू. माती थोडी साचली की करवंद, कुडा अशी काटक झुडपे आपसूक येतात आणि त्यांच्या आडोशाने मोठी झाडे.

तिसरा प्रकार म्हणजे पिढ्यानपिढ्या कसली जाणारी वनजमीन. वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या अशा जमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, आदिवासी कुटुंबाचा हक्क मान्य होतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या हजारो शेतकऱ्यांची मुख्य मागणी याच वनपट्ट्यांची होती. या तुकड्यांवर जंगल परत आणण्याच्या नावाखाली कोणाला उठवणे चूक ठरेल. तिथे नागली-वरईच्या जोडीला आंबा-काजूची वाडी आणि बांधावर मोह, हिरडा, जांभूळ उभे राहिले, तर कुटुंबालाही द्राक्षबागांच्या मजुरीसाठी गाव सोडून जाण्याची पाळी कमी येईल.

कायद्याने दिलेला अधिकार

वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने व्यवस्थापन आराखडा तयार करायचा आणि तो वनविभागाच्या कार्य आयोजनेत सामावून घ्यायचा, अशी तरतूद आहे. हरसूल अनुसूचित क्षेत्रात येते. त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम इथे लागू आहेत, आणि पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवता येते.

हे हक्क आज वापरणे निकडीचे झाले आहे. सरकारी कागदावर अशा जमिनीची नोंद ‘अवनत वनक्षेत्र’ अशी होते आणि त्या नोंदीवर अनेकांचा डोळा असतो. २०१६ च्या कायद्याने पर्यायी वनीकरणाचा निधी अशा जमिनींवर खर्च होऊ शकतो. २०२३ मध्ये आलेल्या हरित पत योजनेतून बाहेरच्या संस्था आणि कंपन्याही तिथल्या वृक्षलागवडीसाठी पैसा देऊ शकतात. वन संवर्धन कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर कार्य आयोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा वनेतर वापरात मोजल्या जात नाहीत. म्हणजे कार्य आयोजनेत काय लिहिले जाते यावर डोंगराचे भवितव्य ठरणार आहे. गावाचा स्वतःचा आराखडा तयार नसेल, तर ती पाने दुसरे कोणीतरी भरेल.

बारीपाड्याने करून दाखवले

हे सगळे कागदावरच राहील, अशी शंका असेल त्यांनी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाड्याला जावे. तिथे वस्ती कोकणा आदिवासींची, म्हणजे हरसूलच्याच गोतावळ्यातली. नव्वदच्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे नियम स्वतः केले, मोडणाऱ्याला दंड ठरवला आणि सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले. विहिरींना पाणी आले आणि रानभाज्यांची रेलचेल झाली. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्याने आधी माणसांमधला नियम लावला, मग झाडे आपण होऊन उभी राहिली. हरसूलच्या पाड्यांना शिकायचा धडा हाच आहे.

पायवाटेला किती जागा?

आता भटक्यांचा प्रश्न. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांनी १८१८ साली किल्ला घ्यायला आलेला कॅप्टन ब्रिग्जही थक्क झाला होता. आज पावसाळी सुट्टीच्या दिवशी त्याच पायऱ्यांवर माणसांची रांग अडकते आणि प्रशासनाला निर्बंध घालावे लागतात. गर्दीच्या पायांखाली पायवाट रुंद होते. वळण टाळून सरळ उतरणाऱ्यांच्या नव्या घसरणी होतात, पावसात त्यांच्या घळी बनतात आणि शेजारचा कोवळा धुमारा तुडवला जातो. उन्हाळी मुक्कामात पेटवलेली एक चूल अनेक वर्षे राखलेला डोंगर एका दुपारी खाऊ शकते.

तरीही पायवाटा बंद करा, असे मी म्हणणार नाही. निरगुडपाडा, हर्षेवाडीसारख्या पायथ्याच्या वस्त्यांना जेवण, वाटाड्या आणि मुक्कामातून रोख पैसा मिळतो, आणि तो त्यांचा हक्काचा आहे. प्रश्न मर्यादेचा आहे. कास पठारावर संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी शुल्क लावले, फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आली आणि गावातल्याच लोकांना राखणीचे काम मिळाले. हरसूलच्या वाटांवरही शुल्क ग्रामसभेने घ्यावे आणि त्यातून जाळरेषा व राखणदार यांचा खर्च निघावा. नवे धुमारे राखलेला तुकडा काही वर्षे भटक्यांनाही बंद असावा.

गाडीरस्ता मात्र नको. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि २००६ मध्ये जगापुढे आलेले अंजनेरी कंदीलपुष्प हे तिथले वैभव. त्या डोंगरावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी त्याला ठाम विरोध केला, आणि ते योग्यच केले. वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देता येईल अशा तेरा गावसुविधा आहेत. शाळा, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या, गावरस्ते यांचा त्यात समावेश आहे. पर्यटकांच्या हॉटेलांचा नाही. प्राधान्य कशाला, हे त्या यादीतून पुरेसे स्पष्ट होते.

हे काम किती लांब पल्ल्याचे आहे, ते गिधाडांकडे पाहून कळते. हरसूल वनपरिक्षेत्रातल्या खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्यकेंद्र चालते. लांब चोचीची गिधाडे कड्यांवर घरटी करतात. पण पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना त्यासाठी उंच, जुनी झाडे लागतात. आज राखलेल्या धुमाऱ्याचे असे झाड व्हायला एक पिढी जाईल. इतक्या लांबचा विचार पाच वर्षांच्या ठेक्यात मावत नाही. पिढ्यानपिढ्या तिथेच राहणारे गावच तो करू शकते.

म्हणून हरसूल परिसरातल्या प्रत्येक पाड्याला विनंती आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पावसाळा नुकताच सरलेला असतो, खुंटांवरचे धुमारे डोळ्यांना दिसतात आणि वणव्याचा हंगाम अजून लांब असतो. डोंगर फिरून कुठे धुमारे, कुठे मुरूम, कुठे शेत हे नकाशावर मांडा, कुऱ्हाडबंदीचा एक तुकडा ठरवा आणि ठराव लिहून वनविभागाकडे पाठवा. आणि नाशिक-मुंबईहून येणाऱ्या भटक्यांनो, गावाने एखादी वाट बंद ठेवली असेल, तर तिथूनच आनंदाने मागे फिरा.