काउंटचं इंजेक्शन

माझं औषधाचं दुकान अंबाजोगाईत. केज, धारूर, परळीकडचे पेशंट बार्शीला नाहीतर मुंबईला 'टाटा'त कॅन्सरची केमो घेऊन गावी परततात आणि थोड्या दिवसांनी घरचं कुणीतरी चिठ्ठी घेऊन दुकानात येतं. "पांढऱ्या पेशी उतरल्यात, काउंटचं इंजेक्शन द्या." चिठ्ठीवर असतं फिलग्रास्टिम, ३०० मायक्रोग्रॅम. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणून बर्फाच्या डब्यात घालून देतो.

परवा ऊसतोडीवरून आलेल्या एका पोराने विचारलं, "माझ्या आईला सारखा ताप येतो, तिलाबी चालंल का?" हा प्रश्न फार जण विचारतात.

जंतू शिरले की पहिल्यांदा धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्या जंतूंना गिळतात. त्या तयार करण्याचा हुकूम हाडांतल्या मगजाला देणारं एक प्रथिन आपलं शरीरच बनवतं. मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ यांच्या प्रयोगशाळेने १९८३मध्ये ते उंदरांच्या फुप्फुसांतून वेगळं केलं. पुढे माणसाच्या प्रथिनाचा जीन सापडला. फिलग्रास्टिम म्हणजे तेच प्रथिन; आज ते ई. कोलाय या जिवाणूकडूनच बनवून घेतात, याचं मला अजून नवल वाटतं.

१९८७मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना केमोचं औषध देऊन त्यांच्या पेशी खाली आणल्या, मग हे प्रथिन टोचलं आणि जंतू सोडले. प्रथिन मिळालेले उंदीर जास्त वाचले. १९९१मध्ये अमेरिकेत केमोच्या पेशंटसाठी त्याला परवानगी मिळाली.

पण न्यूमोनियाच्या ज्या पेशंटांचा काउंट मुळात ठीक होता, त्यांच्यावरच्या या औषधाच्या मोठ्या चाचण्यांत काउंट वाढला, मृत्यू काही घटले नाहीत. ब्रिटनमध्ये दिवस न भरलेल्या २८० बाळांना घेऊन याच जातीच्या दुसऱ्या प्रथिनाची चाचणी झाली. तिचा निकाल २००९मध्ये आला. पेशी लवकर वाढल्या, पण जंतुसंसर्ग न होता जगणारी बाळं वाढली नाहीत. उंदरांवरचा प्रयोग खराच होता. त्या उंदरांकडे पेशीच नव्हत्या, म्हणून त्यांना गुण आला.

त्या पोराला मी इंजेक्शन दिलं नाही, आईला मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत न्यायला सांगितलं. आणि ज्यांच्या घरी केमो चालू आहे त्यांना हात जोडून सांगतो: ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा. तिथे आधी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, काउंटचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.