फोटोंची बेरीज

हिवाळ्यात अमरावती-अकोल्याच्या गच्चीवरून मृग नक्षत्र बघा. तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक पुसट ठिपका दिसतो. तो तेजोमेघ! तिथं नवे तारे जन्मतात. त्याचा उजेड इथं पोचायला सुमारे १,३०० वर्षं लागतात, अन् शेवटी आपल्याच दिव्यांत तो हरवतो!

यावर उपाय आहे. दुर्बिणीला कॅमेरा जोडून दहा-दहा सेकंदांचे फोटो घ्यायचे. जास्त वेळ नको. पृथ्वी फिरते, तारे फरफटतात. संगणक तारे जुळवून फोटो लगेच एकावर एक रचतो. तेजोमेघ प्रत्येक फोटोत जागच्या जागी. खरखरीत ठिपके मात्र जागा बदलतात. १६ फोटोंच्या सरासरीत ही खरखर पावपटच उरते. पडद्यावर गुलाबी ढग हळूहळू उमलतो. तोवर खुशाल भुईमुगाच्या शेंगा खा! चिखलदऱ्याच्या अंधारात तर फोटोही कमी लागतात.