घोडी, सुतारी

लाकूड कापताना, रंधताना, जोडताना किंवा रंगविताना ते जमिनीपासून सोयीच्या उंचीवर आणि स्थिर राहावे म्हणून वापरण्यात येणारा चार पायांचा आधार. घोड्या बहुधा जोडीने वापरतात. दोन घोड्यांवर फळी, दार किंवा प्लायवुडचा तक्ता आडवा ठेवला की तात्पुरते कामाचे मेज तयार होते व काम संपल्यावर ते उचलून ठेवता येते. घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्याजवळ कायमचे मेज ठेवण्यास जागा क्वचितच असते. त्यामुळे त्याने स्वतःच्या हाताने प्रथम करावयाच्या वस्तूंत घोडीची गणना करतात.

आडव्या पाठीवर ओझे घेणाऱ्या चार पायांच्या जनावराशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. मराठीत तंतुवाद्यावरील तारा ज्या पट्टीवरून जातात तिलाही घोडीच म्हणतात. फ्रेंच भाषेतील ‘शव्हाले’ (लहान घोडा) हा शब्दही सुताराची घोडी, चित्रकाराची तिकाटी आणि व्हायोलिनची घोडी या तिन्ही अर्थांनी वापरतात. इंग्रजीत तिकाटीला असलेला ‘ईझल’ हा शब्द डच भाषेतील ‘गाढव’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे.

भारतात सुतार परंपरेने जमिनीवर बसून काम करीत आला आहे. लाकूड पायाने दाबून धरून तो दोन्ही हात हत्यारासाठी मोकळे ठेवतो. लहान कामास ही पद्धत उत्तम असून तिला कोणतेही साधन लागत नाही. मात्र ती अंगवळणी पडण्यास लहानपणापासूनचा सराव लागतो. तो नसलेल्या माणसाचे गुडघे व कंबर लवकर अवघडतात आणि करवतीच्या वाटेत पाय येण्याचा धोकाही असतो. विजेवर चालणारी चक्राकार करवत तर जमिनीवर ठेवलेल्या लाकडावर सुरक्षितपणे चालविताच येत नाही, कारण तिचे पाते लाकडाच्या खालून बाहेर येते. अशा वेळी घोडी केवळ सोयीची न राहता आवश्यक ठरते.

प्रकार : (१) फुलीची घोडी : फुलीच्या आकारात जोडलेल्या दांड्यांच्या दोन जोड्या आडव्या दांड्याने सांधून ही करतात. वरच्या खोबणीत ओंडका गडगडत नाही, म्हणून जळाऊ लाकूड कापण्यास ती योग्य असते. सपाट फळीला मात्र ती निरुपयोगी आहे. (२) सरळ पाठीची घोडी : हिला एक आडवी तुळई व बाहेर फाकलेले चार पाय असतात. सुतारकामात हीच सर्वाधिक वापरतात. (३) मिटणारी घोडी : हिचे दोन सांगाडे बिजागरीने जोडलेले असतात व ते ठराविक मर्यादेपलीकडे फाकू नयेत म्हणून खाली साखळी किंवा पट्टी लावतात. ही ठेवण्यास सुटसुटीत असते, पण बिजागरी सैल झाल्यावर डगमगू लागते. (४) धातूच्या कंसांची घोडी : बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या कंसांत लाकडी दांडे बसवून ही उभी करतात.

स्थैर्याचे तत्त्व : घोडी मोडल्यामुळे होणाऱ्या अपघातांपेक्षा ती कलंडल्यामुळे होणारे अपघात अधिक संभवतात, कारण करवत व रंधा यांचा जोर आडव्या दिशेने लागतो. घोडीवरील एकूण भार मध्यावर असेल, तर तिला कलंडविण्यास माथ्याशी लागणारा आडवा जोर हा भारास पायांमधील बाह्य अंतराच्या निम्म्याने गुणून व उंचीने भागून मिळतो. उदा., ६० सेंमी. उंचीच्या घोडीचे पाय सरळ उभे असून त्यांमधील बाह्य अंतर १२ सेंमी. असेल, तर घोडीच्या वजनासह ५० किग्रॅ. भार असतानाही केवळ ५ किग्रॅ. आडव्या जोराने ती कलंडेल. पाय उभ्या रेषेशी सु. १५° फाकविले, तर बाह्य अंतर सु. ४३ सेंमी. होते व तेवढ्याच भाराला १८ किग्रॅ. जोर लागतो. याहून अधिक फाकविल्यास स्थैर्य वाढते हे खरे. पण पाय वाटेत येऊन अडखळण्याची भीती असते आणि पायांवरील बाहेरचा रेटाही वाढतो.

हा रेटा हेच घोडी खिळखिळी होण्याचे मुख्य कारण होय. घोडीवर १०० किग्रॅ. भार असेल, तर प्रत्येक पायावर २५ किग्रॅ. भार येतो व तिरपेपणामुळे प्रत्येक पाय सु. ७ किग्रॅ. जोराने बाहेर सरकू पाहतो. मातीच्या किंवा खडबडीत जमिनीवर घर्षणाने तो थोपविला जातो. परंतु शहाबादी वा गुळगुळीत फरशीवर तो सर्वस्वी सांध्यावर येतो व खिळे हळूहळू उपसून निघतात. म्हणून समोरासमोरच्या दोन पायांना बांधून ठेवणारी आडवी पट्टी घोडीला अत्यावश्यक आहे.

उंची : हातकरवतीने कापताना फळीवर गुडघा दाबून ती धरावी लागते. त्यामुळे अशा कामासाठी घोडीची उंची कापणाऱ्याच्या गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली, म्हणजे सामान्यतः ४५ ते ५० सेंमी. ठेवतात. या उंचीवर आडव्या कापासाठी करवत फळीशी सु. ४५° व तंतूंच्या दिशेने चिरण्यासाठी सु. ६०° कोनात सहज चालते आणि खांदा, कोपर व करवत एका रेषेत राहतात. जोडकाम, रंगकाम किंवा विजेची करवत यांसाठी ६५ ते ७५ सेंमी. उंची सोयीची असते, कारण त्यामुळे कंबरेत वाकावे लागत नाही. एकच जोडी करावयाची असेल, तर ६० सेंमी. ही मधली उंची घ्यावी.

लाकूड : घोडीसाठी मौल्यवान लाकडाची गरज नाही, पण ते सुकलेले, सरळ तंतूंचे आणि सांध्यापाशी गाठ नसलेले असावे. ओल्या लाकडाचे पाय सुकताना आकसतात व वाकतात आणि पेच सैल होतात. चीड, देवदार यांचे लाकूड हलके व खिळे-पेच घेण्यास सोपे असते. सागवान टिकाऊ पण महाग असते. जुन्या दारांच्या चौकटींतून किंवा वाशांतून निघालेले सागवान मिळाल्यास ते उत्तम, मात्र त्यातील जुने खिळे आधी काढावेत. बाभूळ अतिशय चिवट असली, तरी जड असल्याने घोडी उचलण्यास अवघड होते. पुढे दिलेल्या मापांच्या घोडीस सु. ०·०२ घ.मी. (सु. ०·७ घ. फूट) लाकूड लागते व चिडाच्या लाकडात तिचे वजन सु. १० किग्रॅ. भरते.

रचना : पुढील रचनेत अवघड सांधे नाहीत व एकच कोन वापरलेला आहे. रंधून ९० मिमी. रुंद व ४० मिमी. जाड झालेल्या फळ्या घेतात. ९० सेंमी. लांबीच्या तीन तुकड्यांपैकी एक उभा ठेवून त्याच्या वर व खाली एकेक तुकडा आडवा, मध्यरेषेवर जोडतात. मग टोकाकडून पाहिल्यास तुळईचा छेद लोखंडी गर्डरसारखा दिसतो. येथे वरच्या तुकड्यास माथाफळी व खालच्यास तळफळी म्हटले आहे. दोन्ही फळ्या उभ्या फळीच्या प्रत्येक बाजूस २५ मिमी. पुढे येतात. पायाचे वरचे टोक माथाफळीच्या खाली, उभ्या फळीला भिडवून धरले आणि पायाची आतली बाजू तळफळीच्या वरच्या कडेला टेकविली, की पाय आपोआप सु. १५·५° फाकतो. अशा रीतीने कोन मापकाशिवाय मिळतो. पायाचे टोक माथाफळीखाली असल्यामुळे भार सरळ लाकडावरून पायात उतरतो. पेचांना तो तोलून धरावा लागत नाही. हाच या रचनेच्या मजबुतीचा गाभा होय.

कृती : (१) तिन्ही फळ्यांची टोके गुण्याने काटकोनात आखून एकसारख्या लांबीची कापतात. भिडणाऱ्या बाजूंना सरस लावून ७५ मिमी. लांबीच्या पेचांनी त्या सु. २० सेंमी. अंतरावर जोडतात. पेचाआधी गिरमिटाने किंवा ड्रिलने बारीक भोक पाडतात. नाहीतर कडेजवळ फळी चिरते. माथाफळीवरील पेचांची डोकी किमान १० मिमी. खोल बसवितात. (२) पायांची लांबी माथाफळीच्या खालच्या पृष्ठाच्या उंचीस १·०३८ ने गुणून काढतात. ६० सेंमी. उंच घोडीत हे पृष्ठ ५६ सेंमी. उंचीवर असते, म्हणून पायाची लांबी ५८·१ सेंमी. येते. दोन्ही टोके १५·५° तिरपी व परस्परांस समांतर कापतात. पहिला पाय जागेवर बसवून पाहून मगच त्याच्यावरून उरलेले तीन आखतात. (३) तुळई उलटी ठेवून पाय तिच्या टोकांशी समपातळीत बसवितात. प्रत्येक पायास चार पेच लागतात. दोन उभ्या फळीत व दोन तळफळीच्या कडेत. पाय टोकांपासून आत घेतल्यास पुढे आलेल्या भागावर भार पडताच घोडी लांबीच्या दिशेने कलंडू शकते. (४) १२ मिमी. जाड प्लायवुडचे दोन समलंब तुकडे कापतात. त्यांची वरची बाजू सु. १९·५ सेंमी., खालची सु. २८ सेंमी. व उंची १५ सेंमी. असते. ते तळफळीच्या लगेच खाली, दोन्ही पायांच्या बाहेरच्या तोंडांवर सरस व पेच यांनी बसवितात. बाहेरचा रेटा हेच तुकडे थोपवितात. (५) रंध्याचा जोर घोडीच्या लांबीच्या दिशेने लागणार असेल, तर दोन्ही बाजूंचे पाय निम्म्या उंचीवर एकेका आडव्या रीपेने जोडतात. (६) शेवटी माथाफळीवर मऊ लाकडाची २० मिमी. जाड पट्टी बसवितात. पेच पात्याच्या वाटेत येऊ नयेत म्हणून ती केवळ टोकांशी व खोल बुडविलेल्या पेचांनी लावतात. करवत निसटली तर ही पट्टी कापली जाते, तुळई नव्हे. खराब झाल्यावर ती बदलता येते. पट्टीची जाडी दोन्ही घोड्यांत सारखीच असावी.

पाय समपातळीत आणणे : चार पायांपैकी एक किंचित जरी आखूड असला, तरी घोडी डुलते. सर्वांत लांब वाटणारा पाय अंदाजाने कापत गेल्यास घोडी ठेंगणी होत जाते, पण डुलणे थांबेलच असे नाही. त्याऐवजी घोडी सपाट फरशीवर ठेवून आखूड पायाखाली पाचर सारतात आणि तुळई पाणसळीने दोन्ही दिशांना समपातळीत आणतात. मग पाचरीच्या उंचीपेक्षा थोडा जाड लाकडी ठोकळा फरशीवरून फिरवून त्याच्या माथ्यावरून चारही पायांवर सर्व बाजूंनी पेन्सिलीने रेघ आखतात व त्या रेघेवर पाय कापतात. दुसरी घोडी पहिलीच्या उंचीबरहुकूम अशाच रीतीने कापतात.

वापर व सुरक्षितता : लांब फळी केवळ कापण्यासाठी ठेवताना घोड्या तिच्या टोकांशी न ठेवता, प्रत्येक टोकापासून लांबीच्या सु. एक पंचमांश ते एक चतुर्थांश आत ठेवतात. त्यामुळे फळी कमीत कमी वाकते. कापाची जागा मात्र दोन घोड्यांच्या मधोमध कधीही घेऊ नये. काप पूर्ण होत आला की फळी मध्ये खचते, कापाच्या दोन्ही कडा जवळ येतात व पाते त्यांत आवळले जाते. हातकरवत अशा वेळी केवळ अडकते; परंतु विजेची चक्राकार करवत जोराने उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते व त्यातून गंभीर इजा होते. म्हणून काप घोडीच्या बाहेर, जवळच घ्यावा. तुटणारा तुकडा लांब असल्यास तो दुसऱ्या माणसाने केवळ तोलून धरावा, वर उचलू नये. कारण वर उचलल्यानेही काप मिटतो.

प्लायवुडचा २४४० × १२२० मिमी. मापाचा व १९ मिमी. जाडीचा तक्ता घनतेनुसार सु. ३० ते ४० किग्रॅ. वजनाचा असतो व तो सहज लवतो. त्यासाठी दोन घोड्यांवर आडव्या ३–४ लांब रिपा टाकून त्यांवर तक्ता ठेवतात. त्यांपैकी दोन रिपा कापाच्या दोन्ही बाजूंस लगत असाव्यात, म्हणजे कापून झाल्यावरही दोन्ही तुकडे आधारावरच राहतात. पात्याची खोली तक्त्याच्या जाडीपेक्षा काही मिमी. एवढीच अधिक ठेवल्यास खालील रिपांना फक्त ओरखडा पडतो.

घोडी म्हणजे शिडी किंवा पराती नव्हे. भिंत रंगविण्यासाठी दोन घोड्यांवर फळी टाकून तीवर उभे राहण्याची प्रथा घरोघर दिसते. पण माणूस बाजूला वाकताच भार कडेवर येतो आणि वर सांगितलेले स्थैर्याचे गणित लागू पडत नाही. मोकळी फळी एका टोकाशी पाय पडताच उलटते. अशा कामास कठड्यासह बांधलेली परातीच वापरावी.

निगा : पायांच्या कापलेल्या तळातून लाकूड पाणी फार लवकर शोषते. म्हणून तळांना जवसाचे तेल किंवा व्हार्निश दोन-तीन वेळा पाजतात व पावसाळ्यात घोडी ओल्या जमिनीवर उभी ठेवीत नाहीत. जमिनीवर कायम ठेवलेल्या घोडीस वाळवी पायांतूनच लागते. तळांना रबराचे तुकडे लावल्यास ती फरशीवर सरकत नाही. पावसाळ्यानंतर लाकूड सुकून आकसते, तेव्हा सर्व पेच एकदा आवळून घेतात. पेच फिरूनही आवळत नसेल, तर भोकात सरस लावलेली लाकडाची काडी ठोकून नव्याने भोक पाडतात. प्लायवुडचा बांधतुकडा सुटलेली किंवा पाय चिरलेली घोडी दुरुस्तीशिवाय वापरू नये. अशी घोडी बहुधा भार चढविताना नव्हे, तर काम रंगात आले असताना व हात हत्यारावर असताना दगा देते. नीट केलेली घोडीची जोडी मात्र विशेष खर्चाशिवाय अनेक वर्षे उपयोगी पडते.