ओट्याखालची ट्रॉली : आधी माप, मग मशीन



आज ओट्याखालच्या अंधाऱ्या कप्प्याबद्दल बोलू या. तेलाचा डबा मागे, त्याच्यापुढे डाळीचे डबे, त्यांच्यापुढे रव्याची बरणी. मागचं काही हवं असलं की खाली बसायचं, पुढचे तीन डबे बाहेर काढायचे आणि काम झालं की पुन्हा आत सारायचे. दिवसातून चार-पाच वेळा हेच. गुडघे आणि कंबर कुरकुरणार नाहीत तर काय!

यावर उपाय म्हणजे बाहेर ओढता येणारी ट्रॉली. ओढली की मागचा डबा आपोआप पुढे येतो. बाजारात स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या ठरावीक मापात मिळतात, पण आपले ओटे काही ठरावीक मापाचे नसतात. म्हणून आमच्या गटानं प्लायवूडची ट्रॉली स्वतः आखली आणि सीएनसी मशिनवर कापून घेतली. सीएनसी म्हणजे संगणकावरच्या चित्राप्रमाणे लाकूड कापणारं यंत्र. तालुक्याच्या गावी फर्निचरवाल्यांकडे ते असतं. फॅब लॅबमध्येही असतं; आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून अशी फॅब लॅब आहे.

पहिल्यांदा आमची फजिती झाली, ती आधी सांगतो. ओट्याखालच्या गाळ्याची रुंदी आम्ही समोरून मोजली, ४६२ मिलिमीटर. दहा मिलिमीटर सोडून खोका ४५२ चा आखला. मशिनने अगदी बरोबर कापला. घरी आणून आत सरकवला तर अर्ध्यातच अडकला. मागच्या बाजूला कडप्पा कललेला होता आणि तिथे गाळा भरला फक्त ४५० मिलिमीटर! कडेनं तासून बसवावं म्हटलं, तर जोडाचे दातच कापले गेले असते. रुंदीतले सगळे तुकडे नव्यानं कापावे लागले. गटाच्या पैशातून आणलेली प्लाय वाया गेली आणि बैठकीत ऐकूनही घ्यावं लागलं, "सुताराला दिलं असतं तर बरं झालं असतं."

बोलणं खोटं नव्हतं. सुतार काम करता करता बघतो, अडलं तर रंधा मारतो. मशीन बघत नाही. चित्रात चूक असेल तर ती चूकसुद्धा अगदी नेमकी कापून देते. म्हणून सुताराची नजर आपल्याला कागदावरच वापरावी लागते. ती कशी, ते क्रमानं बघू.

पहिलं, डबे मोजा. ट्रॉलीत काय ठेवायचं ते सगळं जमिनीवर मांडा. सर्वांत उंच डब्याची उंची घ्या आणि वर वीस मिलिमीटर मोकळे सोडा. झाकण उघडायला जास्त जागा लागत नाही, कारण डबा बाहेर आल्यावरच आपण ते उघडतो. वजनाचाही अंदाज घ्या. पंधरा किलो तेल आणि दहा किलो पीठ म्हणजे पंचवीस किलो झाले, शिवाय ट्रॉलीचं स्वतःचं वजन. चॅनेल किती किलो पेलतं, ते दुकानात विचारूनच घ्या.

दुसरं, गाळा नऊ ठिकाणी मोजा. रुंदी समोर, मध्ये आणि मागे. प्रत्येक ठिकाणी खाली, मध्यावर आणि वर. सगळ्यांत लहान आकडा धरा. आमच्याकडे तो ४५० होता, म्हणून दुसऱ्या खेपेला खोका ४४० चा केला. सगळी मापं मिलिमीटरमध्येच लिहा. इंच आणि मिलिमीटर एकत्र आले की घोटाळा ठरलेला.

तिसरं, प्लाय आणि चॅनेल आधी विकत घ्या, चित्र नंतर काढा. अठराची म्हणून घेतलेली प्लाय नेमकी अठरा भरेलच असं नाही. आमची व्हर्नियरनं मोजली तर १७.४ भरली. आता हिशेब बघा. खोका ४४० चा. दोन्ही बाजूंच्या फळ्या मिळून ३४.८ गेले, आत उरले ४०५.२. नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलला एका बाजूला साधारण १३ मिलिमीटर जागा लागते, म्हणजे दोन्हीकडचे २६ गेले. उरले ३७९.२. म्हणून ट्रॉलीची बाहेरून रुंदी ३७९ धरली. किंचित सैल राहिली तर चॅनेलमागे पातळ पट्टी देता येते. घट्ट झाली तर मात्र ट्रॉली सरकतच नाही. शंका आली की एक मिलिमीटर कमीच धरा.

चौथं, मशिनचा स्वभाव ओळखा. कापणारं बिट गोल असतं, बहुधा सहा मिलिमीटर जाडीचं. गोल वाटीनं चौकोनी डब्याच्या कोपऱ्यातलं पीठ निघत नाही, तसंच गोल बिटानं आतला कोपरा काटकोनात कापला जात नाही. मग चौकोनी फळी त्या खाचेत पूर्ण बसत नाही. म्हणून चित्रात खाचेच्या प्रत्येक कोपऱ्यावर बिटाएवढं छोटं गोल भोक काढायचं. खाचेची रुंदी प्लायच्या मोजलेल्या जाडीपेक्षा ०.२ मिलिमीटर जास्त ठेवायची. बिट स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं, त्यामुळे दोन तुकड्यांमध्ये बारा-पंधरा मिलिमीटर अंतर सोडायचं. रेषेच्या बाहेरून कापायचं की आतून, हे मशीनवाल्याला स्पष्ट सांगायचं. तुकडा कापता कापता हलू नये म्हणून मध्ये छोटे पूल न कापता ठेवायला सांगायचं. ते नंतर हातानं तोडून घासता येतात.

प्लायची मोठी शीट २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते. सगळे तुकडे आधी जुन्या वर्तमानपत्रातून लहान मापात कापून, तशाच लहान केलेल्या शीटवर मांडून बघा. कमीत कमी जागेत बसवणं हे आपल्याला नवं नाही; ब्लाउज बेतताना आपण तेच करतो.

पाचवं आणि सगळ्यांत मोलाचं, पूर्ण शीट कापण्याआधी एक खाच आणि एक दात उरलेल्या तुकड्यावर कापून घ्या. जोडून बघा. हातानं दाबून बसला तर ठीक. हातोडा लागला किंवा खडखडला तर चित्र दुरुस्त करा. तेवढ्याशा तुकड्यानं आमची दुसरी प्लाय वाचवली.

ओट्याजवळ पाणी सांडतं, म्हणून आयएस ७१० छापाची पाण्यात टिकणारी प्लाय घ्या आणि कापलेल्या सगळ्या कडांना रंग किंवा व्हर्निश लावा. पाणी कडेतूनच आत शिरतं. कडा घासताना नाकातोंडाला रुमाल बांधा. गॅसची रबरी नळी ट्रॉलीच्या वाटेत येऊ देऊ नका, आणि सिलिंडर बंद ट्रॉलीत ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

आज ती ट्रॉली आमच्या एका मैत्रिणीच्या ओट्याखाली आहे. तिच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. आता त्या उभ्यानंच जराशा वाकतात, ट्रॉली ओढतात आणि तेल घेतात. बैठकीत बोलणाऱ्या ताईंनीही आपल्या घरचं माप दिलंय. अर्थात, नऊ ठिकाणी मोजून!

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. टेप घ्या, ओट्याखाली बसा आणि आपला गाळा समोर, मध्ये आणि मागे मोजा. तीन आकडे वेगळे आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सगळ्यांत लहान आकड्याखाली रेघ मारा आणि तो कागद बैठकीला घेऊन या.